जीभवाल्या भाऊजींची जीभ

…"जीभच कामातून गेली हो त्यांची, आता कंपनीनं काढलं तर…" आणि वरच्या वहिनींचं दार बंद! धाडकन! आता तुम्हीच सांगा, ही काय पद्धत झाली? माणसानं एक तर बोलू नये, आणि बोलायचंच असेल तर वाक्य पुरं तरी करावं! मी जिन्यात, हातात केराची बादली, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, आणि ते अर्धं वाक्य माझ्या कानात, घशात काटा अडकावा तसं अडकलेलं… म्हणजे मी ऐकत नव्हते हां! पण कानांना काय पापण्या असतात का मिटायला? आणि आपल्याला काय करायचंय म्हणा! पण जीभ? अख्खी? आणि इतकी वर्षं तोंडात नीट बसलेली जीभ अशी एकाएकी जाते कशी?

ज्यांची गेली ते कोण, ते आधी सांगते. आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहतात. अख्खी इमारत त्यांना 'जीभवाले भाऊजी' म्हणते, कारण त्यांची नोकरीच जिभेची. बिस्किटांच्या कारखान्यात चव बघायला बसतात. हो, पगार मिळतो त्याचा! आपण बिस्किटं खाल्ली की वर बोलणी खातो, "वजन बघ, वजन बघ", आणि ह्यांना खाण्याचे पैसे! दर शनिवारी घरी येताना मोडक्या बिस्किटांची ही एवढी पिशवी आणायचे आणि जिन्यात वाटत वाटत वर जायचे. माझा वाटा सगळ्यांत मोठा, कारण मी नेमकी खालच्या पायरीशी उभी असायचे. योगायोगानं. दर शनिवारी.

तेव्हा प्रकरण किती गंभीर ते कळलं ना? भाऊजींची जीभ गेली म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे… नाही हो, मी त्यांच्या संसाराचाच विचार करत होते! बिस्किटांचं मागाहून आठवलं. लगेच मागाहून.

गेले वर. रिकामी वाटी घेऊन. वाटी हातात असली की कुणाच्याही घरात शिरता येतं. वहिनींनी दार उघडलं, डोळे लाल. म्हटलं, "वहिनी, वाटीभर साखर द्या हो." तर म्हणतात कशा, "साखर नाहीये."

"संपली?"

"संपली नाही. ठेवतच नाही आता."

मी दाराची चौकटच धरली! अहो, बिस्किटवाल्याच्या घरात साखर नाही? मी वाटी पुढे धरून तशीच आत स्वयंपाकघरात. आणि काय बघते… फळीवर एक पाकीट नाही! एक पुडा नाही! नूडल्स नाहीत, सॉस नाही, तो रंगीत सरबताचा डबा नाही. नुसती गाजरं, रताळी, बीट, वाटाणे, अंडी, न सोललेले शेंगदाणे. म्हटलं, ह्यांनी घर बदललं की कुणी ससे पाळले? आणि टेबलाशी भाऊजी. हातात सालासकट गाजर. मी विचारलं, "काय भाऊजी, बरं आहे ना?" तर नुसता हात वर केला. हात! शब्द नाही! वहिनी म्हणाल्या, "तोंडात घास आहे त्यांच्या, बारीक चावतात." मी उभी, ते चावतायत, मी उभी, ते चावतायत… अहो, घास आहे की भाड्यानं राहायला आलाय?

माझी खात्रीच पटली. जीभ गेली. आणि जीभ गेलेल्या माणसाला चव काय कळणार, म्हणून बापडा कच्चं गाजर चावतोय.

पण मी काही बोलले नाही. आपल्याला काय करायचंय! फक्त तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंना सांगितलं, त्या विश्वासातल्या. आणि समोरच्या निवृत्त हेडमास्तरांना, कारण ते शिकलेले. तर शिवणवाली बाई तोंडातल्या टाचण्या न काढताच, "ह्ये क्यॅन्शर अशनार!" आणि हेडमास्तर चष्मा पुसत, "पक्षाघात. अर्धांगवायूचा सौम्य प्रकार. पहिल्यांदा वाचा जाते." संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी अशी पसरली की मला माझीच बातमी तिसऱ्या मजल्यावरून ऐकायला मिळाली, आणि तीत भाऊजी आयसीयूत होते! आमचे हे म्हणाले, "तू गप्प बसायचं काय घेशील?" मी म्हटलं, "मी कुठे काय बोलले? मी फक्त सांगितलं."

मग आम्ही भेटायला गेलो. असं संकट आल्यावर जायला नको? हेडमास्तरांनी तर पाटी आणि खडू घेतला बरोबर, म्हणजे बिचाऱ्यांना बोलता येत नसेल तर लिहून सांगता येईल. मी चेहरा पाडून घंटी वाजवली. दार उघडलं भाऊजींनीच, आणि खणखणीत आवाजात, "अरे वा! या या, बसा! आज सगळी मंडळी कशी काय?"

बोलले!

हेडमास्तरांच्या हातून खडू पडला. शिवणवाली बाई पुटपुटली, "जीभ परत आली." आणि मी? तुम्हाला खोटं वाटेल, पण मला आनंदाच्या आधी रागच आला. इतकं रडून घेतलेलं, ते काय आता परत भरायचं?

मग सगळं बाहेर निघालं. भाऊजींचा रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "पाकीट फोडून खायचं ते बंद. जे झाडाला लागतं, मातीत वाढतं, ते त्याच रूपात खा." घरी हे असं, आणि कामावर चव बघितली की थुंकून टाकायचं, चूळ भरायची. सुरुवातीला म्हणे सगळं पुठ्ठ्यासारखं लागायचं. वाटाणा चावला काय, शर्टाचं बटण चावलं काय! आणि मग एके दिवशी गाजर गोड लागलं. मग वाटाणा. मग नुसतं उकडलेलं रताळं मिठाईसारखं. गोळ्या निम्म्या झाल्या, जिना चढताना धाप लागेना. छान झालं की! पण तिकडे कारखान्यात पंचाईत. बिस्किट जिभेवर ठेवलं की भाऊजी ओरडायचे, "अरे, केवढं मीठ! केवढी साखर!" घाणेच्या घाणे परत. तपासलं तर सगळं नेहमीच्याच मापात. बिस्किट तेच, भाऊजींची जीभ तेवढी सुधारलेली! साहेब म्हणाले, "तुमची जीभ बिघडली आहे. बुधवारी परीक्षा घेतो. नाही जमलं, तर घरी बसा."

वहिनी मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, "ताई, तुम्हीच समजवा. बुधवारपर्यंत चांगली पोटभर बिस्किटं खायची, जीभ पुन्हा होती तशी बिघडवायची, नोकरी टिकवायची. एवढंच सांगतेय मी! अहो, घराचे हप्ते काय रताळ्यानं भरू?"

ऐकलंत? नोकरीसाठी जीभ बिघडवायची! पण वहिनींचं तरी काय चुकलं? मी लगेच घरातून क्रीमच्या बिस्किटांची ताटली भरून आणली, माझ्या जपून ठेवलेल्या साठ्यातली, आणि भाऊजींपुढे ठेवली. "भाऊजी, औषध समजून खा."

भाऊजींनी ताटली हळूच बाजूला सारली. म्हणाले, "ताई, जन्मभर खातोय मी, पण वाटाणा कसा लागतो ते ह्या जिभेनं मला आत्ता सांगितलं. आता कुठे खरं बोलायला लागली आणि तिचाच गळा दाबू?" आणि उलट माझ्याच हातावर एक वाटाणा ठेवला. "चावा. सावकाश."

चावला. गोड! म्हटलं, "साखर कुणी घातली ह्यात?" म्हणाले, "कुणीच नाही." अहो, एवढं वय झालं माझं आणि वाटाणा गोड असतो हे मला कुणी सांगितलंच नाही? मी तशी सगळ्या इमारतीचं सगळं ऐकते!

बुधवारी वहिनी देवापुढे आणि मी गॅलरीत. आपल्याला काय करायचंय, पण गॅलरी माझी आहे. संध्याकाळी भाऊजी आले, वहिनींनी दारातच विचारलं, "काय झालं?" साहेबांनी म्हणे टेबलावर पाण्याचे ग्लास मांडले होते, दिसायला सगळे सारखे, एकात चिमटीच्याही चिमटीएवढं मीठ. बाकीच्या चाखणाऱ्यांनी नुसतंच पाणी पीत डोकी खाजवली. भाऊजींनी एकेक घोट घेतला, बोट ठेवलं, "ह्यात मीठ आहे." बरोबर! आणि शेजारच्या ग्लासावर बोट ठेवून, "आणि हा कुणीतरी साबणानं धुतलाय, नीट विसळलेला नाही." साहेबांनी तो ग्लास स्वतः हुंगला म्हणे. दोनदा.

मग? नोकरी राहिली का? राहिली… आणि गेलीही. बिस्किट चाखायच्या खुर्चीवरून उठवलं. साहेब म्हणाले, "तुमच्या जिभेला आमचं बिस्किट पसंत पडणार नाही, आणि आम्हाला तर तेच विकायचंय." आता मागच्या फाटकाशी बसवलंय, जिथे माल उतरतो तिथे. पीठ जुनं आहे का, तेल खवट आहे का, शेंगदाणा कडू आहे का, ते बघायला. पगार तोच. वहिनींनी सुटकेचा निःश्वास टाकला तो खाली माझ्यापर्यंत ऐकू आला. मी पण टाकला. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला… मागच्या फाटकाशी मोडकी बिस्किटं कुठून येणार?

आता शनिवारी भाऊजी येतात. हातात तीच भली मोठी पिशवी. आत गाजरं! सालासकट! जिन्यात वाटत वाटत वर जातात. मी आपली सवयीनं पायरीशी उभी असते, हात पुढे होतो, आणि वाटा अजूनही सगळ्यांत मोठा माझाच. नाही कसं म्हणणार? खाते. आमचे हे म्हणतात, गाजरं खाऊन हल्ली जिन्यात तुझा आवाज जास्तच खणखणीत झालाय.

पण काल काय झालं सांगू? दुकानातून विकतचा पुडा आणला, पैसे मोजून, आणि चहात बिस्किट बुडवलं, तोंडात घातलं… आणि खारट लागलं हो! गोड बिस्किट, खारट! मी तिथल्या तिथे ओरडले! मग दुसरं खाल्लं, खात्री करायला. तेही तसंच. मग तोंड वाकडं करत करत सगळा पुडा संपवला, टाकणार कसा? पण मी तुम्हाला विचारते, माझी कुठली चाखायची नोकरी होती? मला कुठल्या साहेबांनी बुधवारी बोलावलं होतं? जीभ सुधारली म्हणून त्यांना पगारासकट बदली मिळाली, आणि मला मिळालं गाजर.

जाऊ दे. आपल्याला काय करायचंय!