डोळे आखणारीची पोटगी

मंडळी, ऐका! आज एक अवघड प्रश्न घेऊन उभा आहे. देवळात कुणी विचारत नाही, कोर्टात रोज विचारतात! संसार मोडला. नवरा एकीकडं, बायको एकीकडं. आता त्यानं तिला पोटगी द्यायची. ती कशाची? भीक आहे? दंड आहे? की तिचाच वाटा आहे? आणि ठरवायची कशावर?

आप्पा, हसलात का? हसा! पलीकडं काकू बसल्यात, त्या काही हसल्या नाहीत!

म्हणाल, बुवा, हे वकिलाचं काम, तुम्ही देवाचं बोला. अहो, देवाचंच बोलतोय! आजचं आख्यान मूर्तीच्या कारखान्यातलं आहे. आणि आधीच सांगतो, ऐकताना जरा जवळजवळ बसा.

पेण गाव. गणपतीच्या मूर्तींचं गाव. तिथं एका गल्लीत दिगंबर गावंडाचा कारखाना. शाडूची माती, ओल्या मातीचा वास, भिंतीला लागून फळ्या आणि फळ्यांवर गणपतीच गणपती. दिगंबर मूर्ती घडवायचा. सोंड अशी वळवायचा, की वाटावं आता हलेल! पण मूर्ती घडली म्हणजे देव झाला का? नाही! डोळे आखले, की देव होतो.

आणि डोळे आखायची त्याची बायको, कुमुदिनी.

उत्तरेच्या खिडकीखाली तिचा पाट. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच पाटावर. बारीक कुंचला घ्यायची, श्वास धरायची आणि हळूच म्हणायची, "देवा, बघ माझ्याकडं." एक रेघ. दुसरी रेघ. बुबुळ. आणि देव बघायचा! गिऱ्हाईक दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "गावंड, हा बघा, मलाच बघतोय!" नाव व्हायचं दिगंबरचं. तिला कोण विचारणार? ती खिडकीत, पाठमोरी!

लेक मोठी झाली, लग्न होऊन वसईला गेली. कारखाना वाढला. आणि कुमुदिनीच्या डोळ्यांत अंधार शिरला. काचबिंदू! समोरचं दिसायचं, पण बाजूचं सगळं काळं. नळीतून बघावं तसं. एका मूर्तीची रेघ हलली. गिऱ्हाइकानं मूर्ती परत आणली. झालं! दिगंबर सगळ्यांसमोर ओरडला, "आंधळी झालीस तर सांगायचं! माझं नाव कशाला घालवतेस?"

एवढ्या वर्षांत पहिली चूक, मंडळी! त्या दिवसापासून पाट बंद. बोलणं बंद. मग टोमणे, मग शिव्या. एक दिवस कुमुदिनी पिशवी घेऊन नागोठण्याला भावाच्या घरी गेली. दिगंबर न्यायला गेला? छे! त्यानं वकील गाठला. ती तरी कशाला अडवेल? दोघांच्या संमतीनं घटस्फोट झाला. पोटगीचं तेवढं राहिलं. तो निवाडा कोर्टानं करायचा.

आता पोटगी मोजायला कोर्टाकडं काही तराजू नसतो. कोर्ट विचारतं. नवऱ्याची खरी मिळकत काय? त्याच्यावर भार कुणाकुणाचा? बायको कुठल्या राहणीत राहिली? तिचं वय काय, प्रकृती काय, स्वतः कमावू शकते का? संसार किती वर्षांचा? आणि त्या संसारात तिनं काय घातलं? या सगळ्याची बेरीज होते, तेव्हा पोटगी ठरते.

दिगंबरनं काय केलं? शपथेवर लिहून दिलं, "माझा धंदा लहान. ही बाई कारखान्यात कधी काम करत नव्हती. घरात बसून असायची."

सही केली. देवाशपथ खरं सांगेन म्हणाला आणि खोटं लिहिलं! कुठल्या देवाची शपथ? ज्याचे डोळे तिनं आखले, त्याचीच!

गणपती जवळ आले. दिगंबरनं उरणहून तुळशीदास नावाचा आखणीवाला आणला. हुशार माणूस, हात स्थिर. सकाळपासून बसला, संध्याकाळपर्यंत एक अख्खी फळी संपवली. कुंचला धुतला, मागं सरकून बघितलं आणि तसाच उभा राहिला.

"शेट, जरा इकडं या."

"काय झालं?"

"मी डोळे सरळ काढले. तुम्ही बघत होतात ना?"

"हो, सरळच होते."

"मग हे सगळे तिकडं का बघतायत?"

दिगंबरनं बघितलं. फळीवरचा एकूण एक गणपती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता. खिडकीकडं. रिकाम्या पाटाकडं!

दिगंबर म्हणाला, "उजेडाचा खेळ आहे." त्यानं एकेक मूर्ती उचलली आणि उलट फिरवली. सगळ्यांची तोंडं भिंतीकडं, पाठी खिडकीकडं. सकाळी कारखाना उघडला. आत गेला, वाकला, भिंत आणि मूर्ती यांच्या फटीतून बघितलं. मंडळी! तोंडं भिंतीकडंच होती. पण बुबुळं पार कडेला गेली होती. मागं वळून कुणाला बघायचं असलं की जातात ना, तशी!

तुळशीदासनं पिशवी उचलली. "शेट, मजुरी नको मला," म्हणाला आणि गेला. ज्यानं मजुरी सोडली, तो किती घाबरला असेल!

दिगंबरनं तो पाट उचलला आणि वर माळ्यावर टाकला. आता बघा कुठं बघता! दुपारी जेवून आला. सगळे गणपती वर बघत होते. माळ्याकडं.

दुसरा आखणीवाला आला, तेच. जुने डोळे खरवडून दिगंबरनं स्वतः आखले, तेच! एक म्हातारे गृहस्थ दर वर्षी मूर्ती न्यायचे. मूर्तीसमोर उभे राहिले, डावीकडं सरकले, उजवीकडं सरकले. मग हात जोडून म्हणाले, "गावंड, हा माझ्याकडं बघत नाही. कुणाला तरी शोधतोय. घरी कसा नेऊ?" आणि रिकामे परत गेले.

बोभाटा झाला. गल्लीत कुणी येईना. दिगंबर एकटाच आत फिरायचा. एवढे डोळे, पण एकही त्याच्याकडं बघणारा नाही! तो मूर्तीसमोर जाऊन गुडघ्यावर बसायचा. "बघ ना रे! मी घडवलं तुला!" देव त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघायचा.

आणि मग ती सकाळ. तारखेला जायचं म्हणून दिगंबर दाढी करायला बसला. गालाला साबण लावला, आरशात बघितलं.

आरशातला दिगंबर दिगंबरकडं बघत नव्हता!

तोंड समोर, डोळे कडेला. त्यानं मान हलवली, आरशातल्यानंही हलवली. त्यानं डोळे चोळले, आरशातल्यानंही चोळले. पण नजर? नजर दिली नाही. अर्धी दाढी तशीच टाकून हा माणूस कोर्टात गेला.

कोर्टात न्यायाधीश बाई होत्या. कागद वाचून झाले. त्यांनी कुमुदिनीला विचारलं, "तुम्ही काय काम करत होता?"

"डोळे आखायचे, बाई."

"आता कमावू शकाल?"

"नाही. डोळे आखता आखता माझेच गेले म्हणा. डॉक्टर म्हणतात, औषधानं आहे तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही."

न्यायाधीश बाई दिगंबरकडं वळल्या. "तुम्ही वर लिहिलंय, यांनी कधी काही काम केलं नाही. खाली तुमचे वकील लिहितात, यांच्या हातात कला आहे, या स्वतः कमावतील. मग ही कला हातात आली ती कुठं बसून?"

वकील उठले. "बाई, त्याचा अर्थ असा..."

"तुम्ही बसा. मी त्यांना विचारतेय."

सगळं कोर्ट दिगंबरकडं बघत होतं. आणि कुमुदिनी? तिला कडेचं दिसत नाही ना! म्हणून ती सगळीच्या सगळी त्याच्याकडं वळली. खांद्यासकट. नजरेनंच चाचपडत त्याचा चेहरा शोधला आणि बघितलं. रागानं नाही. रेघ ओढायच्या आधी मूर्तीकडं बघायची, तसं!

किती दिवसांनी कुणीतरी त्याच्या डोळ्यांत बघत होतं! कठडा धरून दिगंबर म्हणाला, "खोटं लिहिलं मी. सगळे डोळे हिनं आखले. लोक मूर्ती न्यायचे ते डोळ्यांसाठी. माझा धंदाही लहान नाही."

वकिलांनी त्याची बाही ओढली. त्यानं हात झटकला. खरी मिळकत सांगितली, डोक्यावरचं कर्जही सांगितलं, म्हातारी आई आहे म्हणाला.

न्यायाधीश बाईंनी सगळं जमेला धरलं. त्याची आई धरली, कर्ज धरलं. त्याला उघड्यावर आणला नाही, मंडळी! पण तिचं वय धरलं, गेलेली नजर धरली, खिडकीखालची सगळी वर्षं धरली. दर महिन्याची पोटगी लावली, राहायची सोय लावली, डोळ्यांच्या औषधाचा खर्च वेगळा लावला. आणि म्हणाल्या, "गावंड, ही तुमची मेहरबानी समजू नका. यांचा हक्क आहे."

बाहेर व्हरांड्यात दिगंबर तिच्यासमोर आला. "कुमुद, घरी चल."

"नाही."

"मग एकदा ये नुसती. देव तुला शोधतायत."

ती म्हणाली, "त्यांना सांगा, मी तिथं नाही." भावाचा हात धरला आणि जिना उतरली.

आता तुम्हाला वाटेल, दिगंबर घरी गेला, बघतो तर मूर्ती सरळ बघतायत! टाळ्या! नाही, मंडळी. खरं बोलला म्हणून झालेलं पुसलं जातं का? मूर्ती तशाच होत्या. त्या वर्षी एकही विकली नाही. त्यानं एकेक हौदात सोडली. शाडूच ती, विरघळली. सोंड गेली, पोट गेलं, कान गेले. डोळे सगळ्यांत शेवटी गेले. आणि पाण्यावर उरलेला काळा रंग वारा नसताना एका बाजूला सरकला. नागोठणं कुठल्या बाजूला, ते सांगायला हवं?

कुमुदिनी आज नागोठण्यात स्वतःच्या खोलीत राहते. उरलेली नजर टिकून आहे. दिगंबर पोटगी चुकवत नाही. मला भेटला होता. डोळे नसलेल्या कच्च्या मूर्ती विकतो. मी विचारलं, "त्या आरशाचं काय झालं हो?" खाली बघून म्हणाला, "बुवा, मी आता न्हाव्याकडं जातो. डोळे मिटून बसतो."

हसू नका! आता तुमच्याकडं वळतो. समजा, उद्या कोर्टात तुम्हालाच उभं केलं. विचारलं, "ही तुमच्या घरात काय करत होती?" उत्तर किती लांब होईल? "स्वयंपाक करायची, घर सांभाळायची" — आणि पुढं? अडखळलात! एका छताखाली जन्म काढला आणि उत्तर दोन ओळींत संपलं!

म्हणून घरी जा. तिनं काय काय केलं, ते तिच्या तोंडावर तिला सांगा. आठवून सांगा, जेवण गार झालं तरी चालेल. नवऱ्यांनो, लाजू नका! आज लाजलात, तर एक दिवस कठड्यात उभं राहून परक्या माणसाला सांगावं लागेल. आणि तेव्हा ऐकायला ती तुमची असणार नाही.

उचला टाळ. त्याचं नाव घ्या!