दोन ते तीनचा पहारा

मंडळी, पुढं सरका. खांबाला टेकून बसलेले, तुम्हीसुद्धा. आज एवढंच विचारतो — सप्ताहात वीणा खाली ठेवली तर काय होतं?

बघा, सगळ्यांच्या माना हलल्या. पाप लागतं. सात दिवस वीणा या हातातून त्या हातात जाते, भुईवर येत नाही. बरोबर. आता दुसरं सांगा — शिकायला बसलेलं पोर अर्ध्यात खाली सोडलं तर काय होतं?

आता मान कुणाची हलेना. मग ऐका.

आंबेखळे नावाचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला दगडाची खाण, खाणीच्या कडेला पालं. गावात सगुणा नावाची बाई, कपडे शिवून पोट भरायची. रोज दुपारी मशीन झाकायची आणि देवळाच्या मंडपात खाणीवरच्या पोरांना शिकवायची. फुकट. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं. त्यात एक दुर्गी, दहावीची. तिचा बाप यल्लप्पा सरळ म्हणाला होता, "ताई, यंदा पास झाली तर पुढं बघू. नाही झाली तर घण उचलायचा आणि लग्न करायचं." परीक्षा पंधरा दिवसांवर.

आणि सप्ताह आला.

सप्ताहाचे पुढारी सोपानआबा. भला माणूस, पण शब्द म्हणजे काळा दगड. आबा म्हणाले, "सगुणे, मंडप सारवायचाय. आठ दिवस ही खाणीवरची पोरं आत नकोत."

"आबा, आठ दिवसांनी अभ्यासाला उरतं काय?"

"देवाचं काम मोठं की तुझं?"

"ते देवालाच विचारा," सगुणा म्हणाली. "आम्ही चपला काढतात तिथं बसतो. चपलांना तरी जागा आहे ना देवळात?"

आणि बसली हो! पायरीखाली, जोड्यांच्या रांगेत. येणारे-जाणारे तोंड वाकडं करत. एक बाई म्हणाली, "काय गं सगुणे, देवदर्शनाला आलं की आधी तुझी शाळा ओलांडायची का?" सगुणा म्हणाली, "ओलांडू नका, वहिनी. बसा घटकाभर. तुमचे पाढे पाठ आहेत का?" वहिनी गेल्या निघून.

चौथा दिवस. पंगती उठलेल्या, गाव पोळी खाऊन आडवं झालेलं. दुपारी एक ते दोन वीणेचा पहारा आबांचा. दोन वाजले. बदलीला कोणी येईना. अडीच झाले. टाळकरी दोघं बसल्या बसल्या घोरतायत — तुमच्याकडं असं होत नाही, मला माहीत आहे, हसू नका. आबांचे गुडघे थरथरायला लागले. तोंडात रामकृष्णहरी, मनात शिव्या. "हा भिक्याच असणार. कामचुकार. सांगितलेला पहारा विसरतो म्हणजे काय?"

समोरच्या खांबावर पहाऱ्याचा कागद डकवलेला. मोठ्या अक्षरात नावं. पण आबांना अक्षर कुठं येत होतं? मी हसत नाही त्यांना. मी स्वतः पंचावन्नाव्या वर्षी पाटी धरली. समोर कागद असून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं, ते दुखणं मला ठाऊक आहे.

आबांनी बाहेर पाहिलं. "ए पोरी, जरा हा कागद वाच."

दुर्गी उठली, उंबऱ्याशी आली आणि थांबली.

"ये की."

"आबा, तुम्ही आत यायचं नाही म्हणालात."

वीणा हातात, हात जोडता येईनात. आबा हळू म्हणाले, "मीच म्हणालो होतो. आता मीच म्हणतो, ये."

दुर्गी आत आली. कागदावर बोट फिरवलं. "एक ते दोन, सोपान रामजी. दोन ते तीन, सोपान रामजी. तीन ते चार, सोपान रामजी."

मंडळी, बैठकीत दुपारच्या पहाऱ्याला एकही हात वर झाला नव्हता. तेव्हा आबाच चिडून म्हणाले होते, "मग लिहा माझंच नाव!" लिहिणाऱ्यानं तीनदा लिहिलं. आणि आबा अर्धा तास शिव्या घालत होते भिक्याला!

आबांचा पाय वाकला. वीणा झुकली. दुर्गीनं दोन्ही हात पुढं केले. "द्या, मी धरते."

आबांनी एकदा देवाकडं पाहिलं. वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम. हात कुणाचे असावेत, हे कुठं सांगितलंय? दिली वीणा. आणि तिला वाकून नमस्कार केला, जसा वीणेकऱ्याला करतात तसा.

चारला गाव जागं झालं. भिकाच पहिला ओरडला, "आबा, वीणा कुणाच्या हातात दिली?"

आबा खांबाशी बसलेले. "पहारा माझा होता. मी माझ्या जागी माणूस उभं केलंय. तिला कागद वाचता येतो. तुला येतो का? नाही ना? मग ये, बस. सगुणा शिकवतेय."

त्याच दिवशी पोरं मंडपात आली. काल्याच्या दिवशी त्याच खांबावर दुसरा कागद लागला — अभ्यासाचा पहारा. घरटी एक तास. शिकलेल्यानं शिकवायचं, न शिकलेल्यानं पोरं गोळा करायची, माठ भरायचा, दारात बसायचं. पहिलं नाव सोपान रामजी. वाकडं होतं, पण स्वतःच्या हातचं. दुर्गीनं हात धरला नव्हता, फक्त चूक दाखवली होती.

दुर्गी गणितात काठावर, पण पास झाली. पुढं गेली. तुम्ही म्हणाल, छान गोष्ट, आता आरती करा.

नाही करत.

तुमच्या वीटभट्टीवरची नऊ पोरं मी सकाळी पाहिली. शिकवायला तयार असलेली तुमच्याच गावातली बाई एकटी बसते, समाजमंदिराच्या बाहेर, कुलपापाशी. किल्ली कुणाकडं आहे, तुम्हाला माहीत आहे. तो समोर बसलाय, मी नाव घेत नाही.

त्या खांबावर मी कागद लावलाय. पेन्सिल सुतळीनं बांधली आहे. सगळे रकाने रिकामे आहेत.

वीणेकरी बुवा, वीणा इकडं द्या. माझं वय एकाहत्तर, गुडघे आबांसारखेच. पहिलं नाव लागेपर्यंत मी ही कुणाच्या हातात देणार नाही, आणि खालीही ठेवणार नाही.

मी उभा आहे. उठा.