पेटीतला पट्टा

नगरच्या दवाखान्यात व्यायामाच्या खोलीबाहेर मी माझा गुडघा घेऊन बसले होते. शेजारी पाथर्डीकडचं जोडपं. नवऱ्याची डावी बाजू लकव्यानं दुबळी, कपाळावर ताजे टाके. बायकोच्या मांडीवर त्याचा कमरेचा पट्टा, तोल जाऊ लागला की थरथरून सावध करणारा. अजून नवाकोरा.

"आता तरी बांध की गं."

"बांधते. व्यायामाच्या बाई इचारत्याल, पट्टा असून पडले कसे?"

"पेटीत हुता म्हनावं."

"एवढी भारी वस्तू, घरात घालून झिजंल वाटलं वो. गावाला जाताना घालू म्हनलं."

"माझ्या लग्नातल्या कोटावानी! त्यो बी पेटीतच हाय."

"हसता काय? रोज मागत हुता तुमी. पडलात त्या सकाळी बी मागितला."

"मोरीपोतर जायला कशाला पायजे, आसं मला बी वाटलं."

"न्हाई. ते मी म्हनले हुते."

दार उघडून व्यायामाच्या बाई बाहेर आल्या.

"अगंबाई, काका! पडलात? पट्टा नव्हता का?"

"मीच काढून ठिवला, बाई. लई गुदगुल्या व्हत्यात."

"कमाल आहे तुमची! मावशी, यापुढं यांचं अजिबात ऐकायचं नाही."

"त्येंचं न्हाईच ऐकलं, बाई."