तेरा डिग्रीतले गप्पी

(फोनवर. अब्बास स्कॉटलंडात, मुलाच्या घरामागच्या अंगणात. महिपती जिते गावी, आपल्या ओटीवर.)

महिपती : किती म्हणालात?

अब्बास : तेरा. पहाटे बारा डिग्री होतं. दोन किटल्या गरम पाणी ओतलं तवा तेरा झालं.

महिपती : तळ्यात किटल्या ओतताय?

अब्बास : तळं म्हणजे गावातल्यासारखं नाय रे. तुझ्या ओटीएवढं. आधीच्या मालकानं अंगणात खणून ठेवलेलं.

महिपती : ओटीएवढं असू दे नायतर ताटाएवढं. सतराच्या खाली गप्पी मासा टिकत नाय, हे तुमीच आमाला शिकवलंत. रोहा तालुक्यातल्या विहिरी गप्प्यांनी भरल्यात, आणि तिकडं जाऊन अक्कल गहाण टाकलीत?

अब्बास : जूनमध्ये ऊन होतं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. तीस वर्षं मलेरियाचं काम केलंय, डबकं दिसलं की हात शिवशिवतात.

महिपती : तिकडं मलेरिया हाय?

अब्बास : नाय.

महिपती : झालं मग.

अब्बास : दुकानातून दहा आणलेले. ऑगस्टपर्यंत दीडशे झाले. सूनबाई शेजारणींना बोलावून दाखवायची. आता मी रोज सकाळी चहाच्या गाळणीनं मेलेले काढतो, ती उठायच्या आधी. वीसेक राहिलेत. वरून प्लास्टिक टाकलं तर?

महिपती : थंडी काय पावसासारखी वरनंच येते? घरात घ्या त्यांना. काचेच्या पेटीत.

अब्बास : आमचा तमीम पण तेच म्हणाला. हीटरवाली पेटी आणतो म्हणाला. मीच नको म्हटलं.

महिपती : का पण?

अब्बास : खरं सांगू? पेटी आली की दोघं म्हणणार, अब्बांचं मन रमलं इथं. मग मार्चचं नाव कोण काढणार? माझ्या हट्टापायी मरतायत बिचारे, कळतं मला. गाळणी हातात घेतली की लाज वाटते. पण मार्चमध्ये मला घरी यायचंय म्हणजे यायचंय.

महिपती : मार्च.

अब्बास : व्हय, मार्च. तमीम कबूल झालाय. कबरस्तानात माझ्या आमनाच्या बाजूची जागा मी बघून ठेवलीय. वर्ष होईल तिकडं गेलो नाय. इथं काय झालं तर या थंड मातीत पडायचं, ओळख ना पाळख. मला भीती वाटते, महिपती. मरायची नाय, इथं मरायची.

महिपती : असं बोलू नये.

अब्बास : बरं. तू रोह्याला जाणार होतास ना गेल्या आठवड्यात? माझ्या घराकडं गेलास?

महिपती : गेलेलो ना. सकाळच्या गाडीनं.

अब्बास : कसं हाय?

महिपती : ठीक हाय.

अब्बास : कौलं?

महिपती : नीट हायत.

अब्बास : माजघरात गळत होतं, तिथं?

महिपती : नाय गळलं. पाऊस कमीच होता औंदा.

अब्बास : परवा तर म्हणालास, कुंडलिका नदी रस्त्यावर आलेली.

महिपती : ते... एक दिवस.

अब्बास : मी तुझा सुपरवायझर होतो. पाड्यावर न जाताच वहीत लिहायचास, ‘भेट दिली, सर्व ठीक.’ मी विचारलं की असाच बोलायचास. तुकड्या-तुकड्यानं.

महिपती : तवा गेलेलो नसायचो, अब्बासभाय. या टायमाला गेलेलो.

अब्बास : मग सांग.

महिपती : बसलाय का उभे?

अब्बास : उभा हाय. बोल तू.

महिपती : घर नाय ऱ्हायलं. मंगळवारी जेसीबी आला. मी पोचलो तवा ओटी गेलेली, मागची भिंत तेवढी उभी. बिल्डरचा माणूस म्हणाला, खरेदी मे महिन्यातच झालीय.

अब्बास : मे महिन्यात.

महिपती : तमीमच्या सहीनं. तुमी त्याला मुखत्यारपत्र दिलेलं म्हणे.

अब्बास : दिलेलं. व्हिसाच्या कागदांत होतं. फसवून नाय घेतलंन, वाचलं होतं मी. म्हटलं, पोरगाच हाय, असू दे. जूनमध्ये हे घर घेतलंन. मी विचारलं, एवढं कसं जमवलंस बाबा? तर म्हणाला, बँक देते इथं.

महिपती : शिव्या घाला त्याला. तुमाला जमत नसंल तर मी घालतो.

अब्बास : विहीर?

महिपती : काय?

अब्बास : मागची विहीर. ती ठेवली?

महिपती : बुजवली. घराचा सगळा राडारोडा तिच्यातच ढकलला.

अब्बास : मासे होते तिच्यात. तालुक्याला पहिले गप्पी आले ते मी आमच्या विहिरीत वाढवले. बाकी सगळीकडं तिथूनच नेले आपण.

महिपती : ठाव हाय मला. सायकलला डबे बांधून मीच न्यायचो. म्हणून शेजारच्या घरातनं कळशी मागितली. म्हटलं, ओंजळभर तरी काढून जित्याला नेऊ. मला आत सोडलं नाय. दोरी लावलेली. दोरीच्या भायेर कळशी घेऊन उभा ऱ्हायलो.

अब्बास : किती वेळ?

महिपती : विहीर भरेपर्यंत.

अब्बास : तुला कशाला रे एवढा त्रास.

महिपती : त्रास कसला? ऐका. माझी पडवी मोकळी हाय. निशिगंधा, माझी सून, तीच म्हणाली, काकांना इकडंच येऊ द्या. मार्चला सरळ जित्याला उतरा.

अब्बास : भली पोरगी हाय. पण चार दिवसांचा पाहुणा वेगळा आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा वेगळा. पासपोर्ट पण तमीमच्या कपाटात हाय. मागितला तर कशाला पायजे, ते सांगावं लागंल.

महिपती : त्याच रात्री त्यानं मला फोन केलेला. बिल्डरच्या माणसानं कळवलं असंल, मी आलेलो म्हणून. म्हणाला, काका, अब्बांना एवढ्यात सांगू नका, थंडी सरू दे, मग मीच सांगतो. रडत होता.

अब्बास : रडत होता?

महिपती : हुंदके देऊन.

अब्बास : लहानपणापासून तसाच. आधी करायचं आणि मग रडायचं. त्याची आई मग त्यालाच जवळ घ्यायची.

महिपती : तोंडावर विचारा त्याला. आजच.

अब्बास : विचारलं तर तो कबूल करील. मग काय? दोघांनी एका घरात एकमेकांना तोंड चुकवत ऱ्हायचं. थंडी सोसंल मला, ते नाय सोसणार. आणि माझं आता दुसरं कोण हाय? त्याच्याच हातचं खायचंय. तू मला काय सांगितलं नाय, महिपती.

महिपती : म्हणजे?

अब्बास : म्हणजे नाय सांगितलंस. गाडी वाजली बघ त्याची, रात्रीची शिफ्ट करून आला. ठेवतो मी.

महिपती : अब्बासभाय, असं कसं?

अब्बास : रविवारी फोन कर. तो घरी असतो, मी स्पीकर चालू ठेवीन. नेहमीसारखं बोल.

महिपती : काय बोलू मी?

अब्बास : विचार, मार्चला येताय तर घर झाडून ठेवू का.