मधल्या खुंट्यावरचं पानी

मास्तर, माजा जलम कुठला म्हनून विचाराल तर त्याचा पत्ता मलाच धड न्हाय, कारन माजी आय मासळीची पाटी घेऊन पलीकडच्या बाजाराला निघाली व्हती नि भर खाडीत तिला कळा आल्या, तरीत, म्हंजे पार करायच्या होडीत, बसलेल्या बाप्यांनी पाठी फिरवल्या, येका म्हातारीनं नाळ कापली, नि मी झालो तो अलीकडं न्हाय नि पलीकडं न्हाय, बरोबर मधी. बाप जलमभर चिडवायचा, बोलायचा, या चांगूचं डोकं इंग्रजाचं नि पाय नवाबाचे. आता तुमी हसाल, पन त्या वक्ताला ही गोष्ट हसन्यावारी नेन्यासारखी नव्हती, कारन या काठाला खालसा, म्हंजे इंग्रज सरकारचा मुलूख, नि त्या काठाला संस्थान, नवाबाचं राज्य, नि मधी ही येवढीशी खाडी, हाक मारली तर ऐकू जाईल येवढी.

दोन्ही काठांवर दोन नाके. आमच्याकडं कारकून बसायचे, त्यांना आमी भाऊसाहेब बोलायचो, गोरे, किडकिडीत, कानावर टाक. पलीकडं इब्राहीम जमादार, धिप्पाड मानूस, पांढरी दाढी, आवाज असा का या काठावरची कुत्री उठून बसायची. पलीकडनं कोन काय आनतो ते भाऊसाहेब उचकटून बघायचे, इकडनं कोन काय नेतो ते जमादार उचकटायचा, तंबाखू म्हनू नका, मीठ म्हनू नका, नवरीच्या पेटीतले खनसुद्धा झटकून बघायचे. नि सगळ्यांत मोठं भांडान त्या खुंट्याचं. खाडीच्या मधोमध येक जुना खुंटा व्हता, जाळं बांधायचा, कोनाच्या आज्यानं ठोकला ते कोनालाच म्हाईत न्हाय. आमचा गाव बोलायचा आमचा, त्यांचा गाव बोलायचा आमचा. डोकी फुटली त्याच्यापायी. भाऊसाहेब इकडनं अर्ज लिवायचे, जमादार तिकडनं लिववून घ्यायचा, नि दोघं येकमेकाशी सात वर्सं बोलत नव्हते. मी तर चालवायचो, म्हंजे मानसं होडीनं पार करायचो, रोज दोघांना बघायचो, दोघांचा रामराम-सलाम घ्यायचो, येकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं न्हाय. तरवाल्याला तोंड असून चालत न्हाय.

पन सोयरिकीला हद्द कुठली हो. माजी येकच पोर, येसू, ती मी पलीकडच्या कोळीवाड्यात दिली. डावरी व्हती. लहानपनी जाळं विनायला शिकवली मी, तर सगळं उलट्या हातानं, गाठ पन उलटी पडायची, मी रागवायचो, हिच्या गाठीला मासा हसंल म्हनून, नि ती बोलायची, बा, हसू दे, सुटतो का ते बघ. सुटायची न्हाय. लग्नात पलीकडं उतरलो तवा जमादाराची बायको हलीमाबी नाक्यासमोर उभी, मला वाटलं आता पेटी उघडवनार, पन तिनं नवऱ्याला बाजूला सारलं नि येसूच्या हातात खजुराचा पुडा दिला. मला बोलली, चांगूभाव, नाक्याच्या पाठीच घर हाय तिचं, माज्या नजरंखाली हाय पोर, तू आपली तर हाक. तोंडानं फटकळ बाई, तरीत बसली का मला वल्हं कसं मारायचं ते शिकवायची, येवढी वर्सं पान्यावर काढली मी. मला रागच यायचा. आज ती असती तर बसून शिकलो असतो.

मानमोडीच्या, म्हंजे जर्मन लढाई संपताना आलेल्या त्या तापाच्या सालानंतर पाच-सहा वर्सं झाली असतील. मानमोडीनं तर घरंच्या घरं उठवली व्हती, मानसं जरा कुठं सावरत व्हती, तर ही पटकी आली. वांत्या, ढाळ, सकाळी धडका मानूस दुपारी गार. आमच्या गावात पैल्या आठ दिसांत अकरा गेली. मंग गाव बसला. आमच्याकडं रीत अशी का साथ आली म्हंजे जरीमरी आय आली, तिची मानानं पाठवनी करायची. केळीच्या सोपटांचा तराफा करायचा, त्यावर सूप, सुपात हिरवा खन, बांगड्या, दहीभात, नारळ, नि सोडायचा खाडीत, वाहत्या पान्याबरोबर आय जाईल. कवा सोडायचा ते कोन सांगनार, तर तरवाला. पान्याचं मलाच कळतं ना. तर मी सांगितलं, दुपारची ओहोटी घ्या.

काय सांगू तुमाला मास्तर, ही माजी चूक मी अजून उगाळतो. आमच्या धक्क्याजवळ वड हाय, तिथं खाडी वळते, ओहोटीचं पानी तिथं पलीकडच्या अंगाला घासून जातं, जे सोडाल ते समुद्राला न जाता त्यांच्या धक्क्याला लागतं. हे मला ठाऊक व्हतं. सगळ्या गावाला ठाऊक व्हतं. बापजाद्यापासनं असंच व्हतं, आमी ओहोटीला सोडायचं म्हंजे आय संस्थानात जाते, ते भरतीला सोडनार म्हंजे आय खालशात येते, जे ते आपलं घर झाडून दुसऱ्याच्या अंगनात केर लोटायचं. मला त्या वक्ताला पोरीची याद कशी आली न्हाय. तराफा हलत हलत गेला नि त्यांच्या धक्क्याला लागला, तवा माजी बायको गोमी माज्या बाजूला उभी व्हती, ती येवढंच बोलली, येसू तिथंच भांडी घासते.

चौथ्या दिशी पलीकडं पटकी लागली. कशानं लागली ते देव जाने, भाऊसाहेब मागनं बोलले का ती सुपातनं जात न्हाय, पान्यातनं जाते, तुज्या तरीतनं पन गेली असंल, मानसं येत-जात व्हतीच. त्यांनी समजूत घालायला सांगितलं, मला दोन्हीकडनं मार बसला. पलीकडनं त्यांचा तराफा आला भरतीला, दहीभात आमच्या चिखलात. आमी परत सोडला, त्यांनी परत धाडला. मंग दोन्ही सरकारांचा हुकूम आला, तर बंद, इकडचं मानूस तिकडं उतरायचं न्हाय, तिकडचं इकडं न्हाय, उतरला तर कैद. नि त्याच दिशी पलीकडच्या काठावरनं येक कोळी ओरडून गेला, चांगूनाखवा, तुजी येसू आडवी पडली. गोमीनं माज्याशी बोलनं टाकलं. जेवान वाढायची, पन बोलायची न्हाय.

दुसऱ्या दिशी मी तरी सोडली नि खाडीच्या मधी जाऊन त्या भांडनाच्या खुंट्याला बांधली. तिथं कुठं हद्द, मी तर तिथलाच जलमलेला. तिथनं हाका मारल्या, जमादार, ओ जमादार. त्यो आपली होडी घेऊन आला, कैद करायला आला असंल असं वाटलं, पन थोडा लांब थांबला नि बोलला, चांगूनाखवा, पोर हाय, पन बोलत न्हाय, पानी टिकत न्हाय पोटात. आमच्या गावाची विहीर बिघडली हाय, पन डोंगराखालचा झरा चांगला हाय, माजी मानसं तिथनंच पितात. तुमच्याकडं ती लाल पूड आली हाय म्हनतात, विहिरीत टाकायची. आमच्याकडं कागद गेला हाय वरती, पूड काय आली न्हाय.

मी तसाच भाऊसाहेबांकडं गेलो. आमची पन विहीर खराबच, पूड टाकली व्हती पन पानी पियाला मानसं भ्यायची, लाल पानी बघून बाया बोलायच्या आयचं रगत हाय. मी बोललो, भाऊसाहेब, त्यांच्याकडं पानी हाय, आपल्याकडं पूड हाय. ते कितीतरी वेळ टाक कानामागं खुपसत-काढत बसले. बोलले, चांग्या, हुकमात लिहिलंय की माणसानं पलीकडे उतरायचं नाही. खुंट्याबद्दल काही लिहिलेलं नाही. मंग बोलले, आणि हे बघ, हंड्याची तोंडं फडक्यानं बांधून आणायची, कुणाचा हात आत जाता कामा नये, सांग त्या जमादाराला. सात वर्सांत पैल्यांदा त्यांनी जमादाराला काय सांगितलं असंल तर हे.

तवापासनं रोज, भरती संपून ओहोटी लागायच्या आधी घटकाभर पानी उभं ऱ्हातं ना, त्या वक्ताला मी इकडनं नि जमादार तिकडनं, दोघं त्याच खुंट्याला दोर टाकायचो. ज्या खुंट्यापायी डोकी फुटली त्यालाच. तिकडनं झऱ्याच्या पान्याचे हंडे इकडं, इकडनं पुडीची डबी तिकडं. कशी टाकायची, किती टाकायची, ते भाऊसाहेबांनी लिवून दिलं, नि येक दिवस तर ते सोता आले तरीत बसून, पान्याला भिनारा मानूस, दोन्ही हातांनी कड धरून. जमादारानं त्यांना सलाम केला. भाऊसाहेबांनी हात जोडले, पन कड सोडली तवा तरी हलली नि पुना धरली. जमादार हसला. सात वर्सांचं भांडान तिथंच पान्यात पडलं म्हना. मंग तर रोज त्यो विचारायचा, तुमची किती गेली, मी सांगायचो आज दोन, मी विचारायचो तुमची किती, त्यो सांगायचा तीन, नि मंग न विचारताच सांगायचा, पोर तशीच हाय.

हंड्यांची तोंडं पांढऱ्या फडक्यानं बांधलेली, वरनं सुतळी, दोन वेढे नि येक साधी सरळ गाठ. रोज तशीच, सगळ्या हंड्यांना सारखी. कोन बांधतं ते मी कधी विचारलं न्हाय. मी गाठी सोडायचो नि सुतळी परत धाडायचो, जमादार बोलायचा, सुतळी नीट धाड, घरात मला बोलनी बसतात. येवढंच.

अकराव्या का बाराव्या दिशी हंडा उचलला नि सुतळीला हात घातला तर सुटंना. बघतो तर गाठ उलटी. दुसऱ्या हंड्याची उलटी. तिसऱ्याची उलटी. मास्तर, मी त्या तरीत उभा ऱ्हायलो नि नाचलो. पन्नाशीच्या घरातला मानूस मी. जमादाराला बोललो, येसू, ही माज्या येसूची गाठ, उठली का पोर. त्यो बोलला, व्हय, उठली, सकाळी झऱ्यावर पन गेली. मी बोललो, जमादार, आज तुज्या तोंडात साखर पडो, नि बोललो, आता हलीमाभाबीला सांग, चांगली गं तू नजर ठेवनारी, उठल्या उठल्या पोरीला काम लावतेस. नि हसलो. लय हसलो. जमादारानं माज्याकडं बघितलं, त्याची दाढी जराशी हलली, बोलला, घे लवकर, ओहोटी लागंल. नि हंडे दिले, नि दोर सोडला. मी घरी गेलो, गोमीच्या पुढं ती सुतळी धरली, तिनं गाठ बघितली, नि चौदा दिसांनी माज्याशी बोलली, बोलली काय, रडलीच.

पुढं साथ ओसरली. दोन्ही गावांनी मिळून आयची पाठवनी केली, येकच तराफा, या वक्ताला त्यो खुंट्यापासनं माज्या तरीला बांधला नि मी खाडीच्या तोंडाभाईर, खुल्या दर्यात नेऊन सोडला, कोनाच्याच दारात जायला नको. जमादारानं त्यावर येक नारळ ठेवला. मला वाटलं मुसलमान मानूस, आमच्या रीतीला मान देतो.

तर सुरू झाली त्या दिशी मी पापलेट घेऊन पलीकडं गेलो, जमादाराच्या घरी. दार उघडं, चुलीपाशी येसू. मी बोललो, तू हितं कशी, भाबी कुठाय. पोरीनं फुंकनी खाली ठेवली. बोलली, बा, तुला म्हाईत न्हाय? मी आडवी व्हते तवा हलीमाखालानंच केलं माजं सगळं, सासरचे सगळे पडले व्हते. झऱ्यावर बायांना तीच न्यायची, हंडे तीच बांधायची. मंग तिला लागली. सकाळी लागली, सांजच्याला गेली. दुसऱ्या दिशी हंडे कोन बांधनार म्हनून मी उठले.

मी उंबऱ्यावर बसलो. जमादार आत बसला व्हता, त्यानं ऐकलं. मी बोललो, त्या दिशी का बोलला न्हायस रे, मी तुज्या तोंडावर हसलो. त्यो बोलला, चांगू, बारा दिसांत पैल्यांदा कोन हसलं व्हतं त्या खुंट्यावर. मी कशाला मोडू. नि परत बोलला, ती असती तर तीच पैली हसली असती.

साथ गेली तसा पुढच्या वर्सी पुना खुंट्याचा अर्ज लिवला गेला, खोटं कशाला सांगू, मानूस कुठं सुधारतो. पन भाऊसाहेब अर्ज लिवायच्या आधी जमादाराला दाखवायचे, नि जमादार त्यात शुद्धलेखनाच्या चुका काढायचा, उर्दू शिकलेला मानूस. दोघं खो खो हसायचे. आता भाऊसाहेब बदलून गेले, जमादार मुरुडला भावाकडं ऱ्हातो, डोळे गेले त्याचे. नाक्यावर नवी पोरं आलीत, नि पलीकडं जायला भोंगा वाजवत लाँच येते, माजी तर आता कोन विचारतो. विलायतेत परत लढाईचं वारं हाय म्हनतात, तुमीच वाचून दाखवता ना पेपर. त्या राजांना मधी येक खुंटा ठोकून द्या बोलावं कोनीतरी.

खुंटा कुजला, गेल्या शिमग्याला आडवा झाला. मी त्याचा येक तुकडा आनून दारात ठेवलाय, गोमी त्यावर मासळी कापते. येसूची दोन पोरं हायत, थोरली पोरगी पन डावरी. वर्सातनं येकदा येसू नि मी मुरुडला जातो, जमादाराला खजुराचा पुडा देतो, नि येसू तो पुडा सुतळीनं बांधते, दोन वेढे नि सरळ गाठ, हलीमाबीसारखी, मुद्दाम शिकलीय ती. जमादाराला दिसत न्हाय, त्यो बोटांनी गाठ चाचपतो, चाचपत ऱ्हातो, सोडत न्हाय. आमी पन घाई करत न्हाय. बसा मास्तर, चहा घेऊन जा, देव तुमच्या घरातल्या सगळ्यांना सुखी ठेवो, पानी गाळून पीत जा.