किटलीची जागा

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोला हो, मागे काय खडखडतंय इतकं?… अगं, तू होय! मुंगीची आई! नंबर ओळखीचा नाही म्हणून म्हटलं कोण… कारखान्यातला फोन? बरं, बरं… थांब, दाराबाहेर येते. आत चाळीस पोरांचा बाजार भरलाय. हं, आता बोल.

हो, आली. वेळेवर आली. तुझ्या सासूबाई सोडून गेल्या फाटकापर्यंत… नाही, रडली नाही… अगं, नाही म्हणते ना! आज पोरांपेक्षा आईबापच जास्त रडले. एक बाबा तर लेकाला आत सोडून त्याचं दप्तर स्वतःच्या पाठीला लावून घरी निघाले. गेटवरच्या मामांनी धावत जाऊन उतरवून आणलं… हो ना! आणि मोठ्या बाई सकाळपासून फाटकात उभ्या. येईल त्या घराला ‘या, या, सुट्टी कशी झाली’ करून करून घसा बसलाय त्यांचा. आता नुसत्या हात जोडतात.

हो, कागदी फुलं लावलीत ना. आम्हीच कापली सगळ्यांनी, चार दिवस. बोटाला फोड आलाय… दुसरीचे सर? त्यांचं काय?… नाही, त्यांनी नाही बघितलं तिला अजून… म्हणजे, वर गेलीच नाही ना ती.

कुठे म्हणजे? इथेच. माझ्याकडे. पहिलीत, तिच्या बाकावर.

अगं, ऐक ना… ऐक… आधी ऐकून घे, मग घाबर. आली, दप्तर खुंटीला लावलं, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. हाताची घडी. मला वाटलं, भेटायला आली असेल, बसेल दोन मिनिटं. मग म्हटलं, मुंगे, तुझा वर्ग आता वर, जिना चढून. तर म्हणते कशी, ‘ही जागा माझी आहे. बाईंनीच सांगितलंय.’

हसू नकोस… हो, सांगितलं होतं. मीच.

गेल्या वर्षी गं, पहिल्याच दिवशी. टेबलाच्या पायाला मिठी मारून बसली होती, आठवतंय ना तुला? सुटता सुटेना. मी खाली बसले तिच्याशेजारी, गुडघे माझे तेव्हाही असेच कुरकुरत होते. म्हटलं, ही बघ किटली, हे तुझं चित्र. जिथे किटली तिथे तुझी जागा. कोणी म्हणजे कोणी घेणार नाही… सगळ्यांनाच सांगते गं! सव्वीस वर्षं दर पहिल्या दिवशी तेच सांगते. वाचता येत नसतं ना पोरांना, म्हणून बाकाला चित्र, खुंटीला तेच, डबे ठेवायच्या फळीला तेच. तुलाही होतं. काय होतं तुझं?… छत्री! बघ, जिभेवर आहे तुझ्या अजून.

पण तू विसरलीस की ती जागा. सगळेच विसरतात. सुट्टी संपली की उड्या मारत वर जातात, माझ्याकडे वळून बघतही नाहीत मेले. हिनं तेवढी लक्षात ठेवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला माझ्याच बोलण्यात धरलंय.

एक मिनिट हं… ए! तो खडू आहे, खायचा नाही! काढ बाहेर… थूक… शाबास… हं, बोल.

नाही. नाही, यायचं नाही… अगं, काजं करायच्या मशीनवर आजच बसलीस ना तू? आणि दहा मिनिटांची चहाची सुट्टी. आज उठून आलीस तर उद्या त्या मशीनवर दुसरी बसलेली असेल, परवा तूच म्हणालीस मला… हो, कळतंय मला. आईचा जीव आहे, कळतंय. पण आलीस तर तिला काय कळेल? की आपण जागचे हललो नाही की आई धावत येते. मग उद्याही हलायची नाही.

हो, अर्ज आहे ना. ड्रॉवरमध्ये आहे. तुझी सही झालीय, माझी व्हायचीय… मोठ्या बाईंनी सांगितलंय, मधल्या सुट्टीपर्यंत बघा. वर गेली तर गेली, नाहीतर अर्ज द्या, यंदाही पहिलीतच ठेवू… घंटा ना? पंधरा मिनिटं आहेत अजून.

तू मला विचारतेस म्हणून सांगते. तिला वाचता येतं. बेरजा माझ्याआधी करते, मला टोकते सुद्धा. हिवाळ्यापर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हती, मान्य. पण आता बोलते ना? फक्त भीती वाटते तिला. भीती वाटते म्हणून माणसाला मागे ठेवायचं असेल, तर मला बालवाडीत नेऊन बसवा. मोठ्या बाईंना तर पाळण्यातच घालावं लागेल.

हं… हस, हस. बरं वाटतं ऐकायला.

नाही गं, अजून हललेली नाही. दारातून दिसते मला. सगळी नवी पोरं तिच्याकडे बघतायत, ही सरळ फळ्याकडे. जशी काही बाई हीच… थांब हं. आजोबा, तुम्ही जरा बाकावर बसा ना. पाय भरून येतील… नाही, तुला नाही म्हणत. इथे दाराशी एक आजोबा उकिडवे बसलेत मघापासून, नात त्यांच्या गुडघ्याला चिकटलीय. आत यायलाच तयार नाही. आणि कशी येईल? तिची जागा…

काही नाही… काही नाही म्हटलं ना… बरं, सांगते. तिच्या जागेवर तुझी मुंगी बसलीय. झालं? तिच्याही फ्रॉकला मी किटलीच टाचलीय सकाळी. एका किटलीला दोघी.

माझीच चूक. सुट्टीत दरवर्षी बसून जुनी चित्रं खरवडते मी. गरम पाणी, फडकं, बोथट सुरी. यंदा एकोणचाळीस खरवडली, ही राहिली. मग काल संध्याकाळी यादीत चाळिसावं नाव आलं, आणि रिकामी जागा तेवढीच. म्हटलं, चित्र तर आहेच, नवं कशाला… राहिली म्हणजे, निघेना. फार घट्ट चिकटली होती.

अगं, हो. घट्ट होती…

बरं. खरं सांगू? खरवडलीच नाही मी. सुरी हातात घेऊन बसले होते, पाणी गार होईपर्यंत. सहा महिने जी पोर एक शब्द बोलली नाही, ती एका सकाळी त्या बाकावरून ‘बाई, खिडकी लावा, वारा येतोय’ म्हणाली होती. मी खिडकी लावली आणि कोपऱ्यात तोंड करून रडले. ते चित्र मी कसं काढू? तुझा अर्ज आला ना, तेव्हा मला वाईट नाही वाटलं, ऐकतेस ना? बरं वाटलं. म्हटलं, चला, आणखी एक वर्ष राहील माझ्याकडे. म्हणून तर सही केली नाही अजून. माझ्या सहीचा मलाच भरवसा वाटेना.

नाही, नाही, तू कशाला माफी मागतेस? तू काळजीनं दिलास अर्ज… ठेवू नकोस फोन. किती मिनिटं उरली तुझी?… चार? पुष्कळ आहेत.

काय?… घरी काय विचारत होती?… ‘वर किटली कुठे असेल?’… सुट्टीभर? रोज? अगं, मग मला आधी सांगायचं नाही का! मी आपली समजतेय, पोर हट्टाला पेटलीय. वर चित्रं नसतातच ना. दुसरीत नावं असतात बाकावर, मोठ्या अक्षरात. आपलं चित्र तिथे नाही म्हणजे आपली जागाच नाही, असा हिशोब केलाय तिनं. आणि मी तिला बेरजा शिकवल्या!

काढून वर नेऊन लावायची? किटली?… येईल की. आता पाण्यानं सुटेल… अगं, मघाशी खोटं बोलले म्हणून काय आता खरंच घट्ट होणार आहे का? थांब, विचारते. धर फोन.

मुंगे… मुंगे, इकडे बघ. आईचा फोन आहे. आई म्हणते, ही किटली काढून वर नेऊ या तुझ्याबरोबर. तिकडच्या बाकाला लावू. चालेल?… का गं?… कोणाचं काय?

हॅलो, ऐकलंस?… नको म्हणते. मान हलवते नुसती. दाराकडे बोट दाखवून म्हणते, ‘मग तिचं काय?’… अगं, तिचं म्हणजे आजोबांच्या नातीचं! फ्रॉकवरची किटली बघितली हिनं. किती वेळ बघत होती कोणास ठाऊक. मला वाटत होतं, फळ्याकडे बघतेय.

थांब… उठली. बाकावरून उठली… काही बोलू नकोस हं, मी सांगते तुला… दाराशी आली. त्या पोरीचं मनगट धरलं. आजोबांना म्हणते, ‘तुम्ही इथेच थांबा, मी नेते.’ मोठी बाईच जशी… आजोबा बघतायत माझ्याकडे. जाऊ द्या आजोबा, जाऊ द्या तिला… गेली गं. ती गेली हिच्याबरोबर! मघापासून मी लिमलेटची गोळी दाखवली, बाहुली दाखवली, फुगा दाखवला, ढिम्म हलली नव्हती.

बसवलं तिला. बोट धरून चित्रावर ठेवलं. काहीतरी सांगतेय… ऐकू दे, ऐकू दे जरा…

अगं…

नाही, वाईट नाही काही. काय म्हणाली सांगू? म्हणाली, ‘ही जागा तुझी. कोणी घेणार नाही. पण एक वर्षच हं. मग दुसऱ्या कोणाला तरी लागते.’

हो… असंच म्हणाली. शब्दन् शब्द… मी कधीच नाही शिकवलं हे. सव्वीस वर्षांत मला स्वतःला सुचलं नाही.

दप्तर काढलं खुंटीवरून. आता माझ्याकडे येतेय… काय गं?… हो, वर नाव असेल तुझं. बाकावर… कुठल्या ते मी नाही सांगणार. वाचता येतं ना तुला? मग शोध… एकटी जातेस की मी येऊ?… बरं. जा.

गेली. जिन्याकडे गेली… नाही, मी नाही गेले बरोबर. ‘एकटी’ म्हणाली… जावंसं वाटतंय गं, फार वाटतंय. चौकट धरून उभी आहे. तू तिकडे मशीन धर, मी इकडे चौकट धरते.

चढतेय. दप्तर तिच्याहून मोठं, मागून नुसतं दप्तरच जिना चढताना दिसतंय… थांबली. मधल्या वळणावर थांबली… श्श्… माहीत नाही का थांबली. कठड्याला हात लावून उभी आहे… नाही, मी हाक मारणार नाही. तूही मारू नकोस, तुझी तिला तशीही ऐकू जायची नाही…

दप्तर नीट केलं खांद्यावर. चढली! दिसेनाशी झाली.

थांब ना, सर येतील कठड्याशी. त्यांना सांगून ठेवलंय मी, आली की खूण करा… कोण जाणे, शोधत असेल नाव. चाळीस बाक आहेत… आले. सर आले… हात केला वरून. मान डोलावतायत. सर, बसली?… काय?… स्वतः वाचलं?… ऐकलंस का? स्वतः वाचलं नाव, आणि सरांना म्हणाली, ‘इथे किटली नाही, पण चालेल.’

रडतेस काय वेडे! कापड भिजेल तिथलं… मी? मी नाही रडत. खडूची धूळ आहे… अगं, असू दे. रडते थोडी. तू बोल.

अर्ज ना? थांब, ड्रॉवरमधून काढते… हं, हातात आहे… नाही, मी नाही ठरवणार. सही तुझी आहे, तूच सांग… नीट सांग, तुझ्या मशीनच्या खडखडाटात ऐकू येत नाही… फाडू?… फाडते. ऐक… आला आवाज? झालं. चार तुकडे. मागची बाजू कोरी आहे, यावर नवी चित्रं काढीन.

साडेबाराला सुटेल. सासूबाईंना म्हणावं, आता फाटकाशी नाही, जिन्याखाली थांबा… आणि संध्याकाळी गेलीस की किटलीचं काही विचारू नकोस हं. तिनं सांगितलं तर ऐक. सांगेल ती. फक्त…

हॅलो?… हॅलो?… गेला वाटतं. संपली असेल चहाची सुट्टी.

आजोबा, उठा आता. द्या हात. बघा, बसलीय तुमची नात, तुमच्याकडे लक्षसुद्धा नाही तिचं. साडेबाराला या… हो, रोज. सवय होते. तुम्हालाही होईल.

काय गं किटली? काय झालं?… हो, तुझीच जागा. कोणी म्हणजे कोणी… एक वर्ष. एक वर्षभर कोणी घेणार नाही… मग? मग तू वर जायचं. त्या ताईनं सांगितलं ना, तसंच…

मी? मी नाही गं कुठे जात. मी इथेच. पहिलीत.