पहिल्या ट्रॅकवरचा आवाज

ताई : नाही गाणार. सकाळपासून अकरा वेळा गायले. बाराव्यांदा गायला लावलंस तर घशातली गाठ डॉक्टरांच्या आधीच बाहेर येईल.

धाकटा : एकदाच गं. दोन्ही गिटारी झाल्यात, आता फक्त तुझा आवाज चढवायचा राहिलाय.

ताई : तीन आठवडे तूच चुकत होतास. मी आपली गुरुवारी एका दमात गाऊन मोकळी झाले होते. त्याचं काय झालं?

धाकटा : आहे ना. फक्त वरच्या स्वरांत जरासा डळमळतो.

ताई : गुरुवारी तर डोळे पुसत होतास. आईला भांड्यांवरून उठवून, ओल्या हातांनीच आणून ऐकवलंस.

धाकटा : तेव्हा नुसता ऐकला होता. दोन्ही गिटारींबरोबर ऐकल्यावर कळलं.

ताई : मग मलाही ऐकव गिटारींबरोबर.

धाकटा : रेकॉर्डरचे सेल संपत आलेत. जेमतेम एका गाण्यापुरते उरलेत.

ताई : हे घे, टीव्हीच्या रिमोटमधले काढले.

धाकटा : ते जुने असतील.

ताई : ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. शाळेत रोज चाळीस पोरांच्या थापा ऐकते मी. घोडं कुठे पेंड खातंय ते सांग.

धाकटा : कुठे काय.

ताई : आण ते मशीन इकडे. हेडफोन दे. पहिला ट्रॅक माझा ना? … ही तर गिटार आहे. दुसऱ्यावरही गिटारच. तिसरा रिकामा, चौथा रिकामा. मी कुठे आहे?

धाकटा : ताई, ओरडू नकोस, घशाला ताण…

ताई : मी ओरडत नाहीये. विचारतेय, मी कुठे आहे?

धाकटा : काल तू शाळेत गेल्यावर दुसरी गिटार वाजवायला बसलो. रेकॉर्डिंगचा लाल दिवा तिसऱ्या ट्रॅकवर न्यायचा राहून गेला. तो तुझ्याच ट्रॅकवर होता. तुला पुसत तुझ्यावरच वाजवत गेलो मी.

ताई : आणि मी ऐकू येत नाहीये, हे चार मिनिटांत तुझ्या लक्षात आलं नाही?

धाकटा : तुझा आवाज मीच बंद करून ठेवला होता. तू कानात गायला लागलीस की माझा ताल सुटतो. आणि खरं सांगू, काल पहिल्यांदाच एकही चूक न करता शेवटपर्यंत वाजवलं गं.

ताई : शाबास. मागे घ्यायचं बटण असतं ना त्याला?

धाकटा : ते एकच पाऊल मागे जातं. आनंदाच्या भरात मी शेवटचा सूर पुन्हा घेतला, थोडा लांबवायला. मग कळलं.

ताई : सोमवारी ऑपरेशन आहे माझं. डॉक्टर म्हणाले, आवाज राहील, पण वरचे स्वर राहतील याची खात्री नाही. म्हणून तर तुझ्यामागे लागले होते. पुढे कधी मलाच मला ऐकावंसं वाटलं तर काहीतरी असावं, एवढंच.

धाकटा : माहीत आहे.

ताई : बरं, आजचे अकरा कुठे आहेत?

धाकटा : पुसले.

ताई : अकराही?

धाकटा : गुरुवारसारखा एकही नव्हता.

ताई : अरे, मी तरी कुठे गुरुवारसारखी आहे? मला काय फळा समजलास, मनासारखं अक्षर येईपर्यंत पुसत बसायला? सकाळी सांगितलं असतंस तर पहिलाच ठेवायला लावला असता मी.

धाकटा : वाटलं, तसाच एक मिळाला तर सांगावंच लागणार नाही. भीती वाटली, ताई. सोमवारची पण.

ताई : मला नाही वाटत का? उचल गिटार. आता दोघं एकदम.

धाकटा : एकाच ट्रॅकवर? मग नंतर काहीच दुरुस्त करता येणार नाही.

ताई : तुझ्या दुरुस्त्या पाहिल्या. चुकलास तरी वाजवत राहायचं. मी सांगेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. आणि दिवा कुठल्या ट्रॅकवर आहे तो आधी मला दाखव.

(गाणं होतं. दुसऱ्या कडव्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होतो आणि थांबतो.)

धाकटा : आईने मध्येच मिक्सर लावला.

ताई : ऐकलं.

धाकटा : मी दोनदा चुकलो.

ताई : तीनदा.

धाकटा : आणि तुझा वरचा स्वर फाटला शेवटी. माझ्यामुळेच. सकाळपासून दमवलं तुला. पाणी पी, मग एकदाच परत घेऊ.

ताई : नको. फाटला, पण आज लागला. मशीन दे इकडे, माझ्या दवाखान्याच्या पिशवीत ठेवते.